समस्थानिकांचा शोध आणि भाकरी-वरणातील प्रथिनांचा प्रश्न

बिदर आणि कलबुरगी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या भागात ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण हा सर्वसामान्यांचा आहार राहिला आहे. परंतु महागाई वाढली की गरीब कुटुंबात प्रथम वरण पातळ होते. केवळ भाकरीवर शरीराची गरज भागते काय, या प्रश्नाचे उत्तर समस्थानिकांच्या संशोधनातून मिळाले.

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे भिन्न वजनाचे अणू. त्यांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखेच असल्याने शरीर त्यांत फारसा भेद करीत नाही. उपकरणाने मात्र ते ओळखता येतात. १९२३ मध्ये जॉर्ज हेवेशी यांनी किरणोत्सारी शिशाचा वनस्पतीतील प्रवास अभ्यासला. १९३५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील शोनहायमर व रिटनबर्ग यांनी जड हायड्रोजनच्या साहाय्याने उंदरांच्या शरीरातील चरबीचा माग घेतला. पुढे नत्र-१५ वापरून प्रथिनांचाही अभ्यास झाला. शरीरातील प्रथिने सतत मोडतात व नव्याने घडतात, हे यातून सिद्ध झाले.

या घडणीस लायसिन हे अमिनो आम्ल अत्यावश्यक असून ज्वारीत ते अल्प असते. पूर्वी अन्नातील नत्र आणि मलमूत्रातील नत्र यांचा ताळेबंद मांडून त्याची गरज ठरवीत. त्वचा व घामावाटे जाणारे नत्र त्यात सुटून जाई. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज १२ मिलिग्रॅम इतकाच आकडा होता. म्हणजे ६० किलोच्या मजुराला ७२० मिलिग्रॅम. चारशे ग्रॅम ज्वारीतून सुमारे ८०० मिलिग्रॅम लायसिन मिळत असल्याने भाकरी पुरेशी ठरत होती.

अमेरिकेतील व्हर्नन यंग यांनी कार्बन-१३ च्या प्रयोगांवरून या आकड्यास आव्हान दिले. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेत अनुरा कुरपाड व सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांवर चोवीस तासांचे प्रयोग केले. लायसिन कमी पडले की इतर अमिनो आम्लांचे प्रथिन बनत नाही. ती जळतात आणि त्यांतील कार्बन-१३ श्वासावाटे बाहेर पडतो. हा कार्बन किरणोत्सारी नसल्याने निर्धोक असतो. या मापनातून खरी गरज ३० मिलिग्रॅमच्या आसपास असल्याचे दिसले आणि २००७ च्या अहवालात तोच आकडा स्वीकारला गेला.

त्यानुसार त्याच मजुराला रोज १८०० मिलिग्रॅम लायसिन हवे. निव्वळ भाकरीतून त्याच्या निम्मेही मिळत नाही. साठ ग्रॅम तूरडाळीतून सुमारे ९०० मिलिग्रॅमची भर पडते. पोटातील जंतांमुळे कुपोषितांची गरज आणखी वाढते, हेही बंगळूरच्या २००३ मधील अभ्यासातून पुढे आले.

कलबुरगीच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जेथे ही तूर पिकते, तेथील मजुराच्या ताटात ती पुरेशी असणे ही चैन नसून शरीराची गरज आहे, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.