विणखात्याचा विटाळ : १९२८ च्या गिरणीसंपातील एका आरोपाचा विचार

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरास लागून असलेले नागापूर हे गाव आज तेथील औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. कारखाना गावाच्या शिवेवर आला ही गोष्ट मात्र फार जुनी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी ह्या जिल्ह्यातील मजुरास कारखान्याची वाट धरावयाची झाल्यास ती मुंबईचीच होती. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इत्यादी जिल्ह्यांतून जी माणसे गिरणगावात गेली, त्यांत मराठा-कुणब्यांबरोबर महारवाड्यांतील तरुणांचाही भरणा होता. गावात एका पाणवठ्यावर न येणारी ही माणसे मुंबईत एका भोंग्याला कामावर जाऊ लागली. यंत्रापुढे जात टिकत नाही, असे मत त्या काळापासून वारंवार मांडले गेले आहे. ह्या मताची परीक्षा ज्या एका प्रसंगी झाली, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तो प्रसंग म्हणजे १९२८ चा मुंबईचा गिरणीसंप होय. हा सार्वत्रिक संप एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या प्रारंभी मिटला. सुमारे दीड लक्ष कामगार त्यात होते. एका कामगाराने अधिक यंत्रे सांभाळावीत व वेतनाचे दर नव्याने ठरवावेत, ही मालकांची योजना संपाच्या मुळाशी होती. आणि तिचा मोठा आघात साचे चालविणाऱ्या विणकरांवर होणार होता. नारायण मल्हार जोशी यांचा मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन हा संघ १९२६ पासून काम करीत होता. अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतून पुढे आलेले पुढारी आणि डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर प्रभृती साम्यवादी कार्यकर्ते एकत्र येऊन मे १९२८ मध्ये मुंबई गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. लाल बावट्याची युनियन म्हणून तीच पुढे प्रसिद्धीस आली. ह्या सर्वांच्या संयुक्त संप-समितीने सतरा मागण्या पुढे मांडल्या.

ह्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ह्या चळवळीसमोर एक आरोप ठेविला. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. त्याने कातणखात्यात, रिंगवर, साफसफाईच्या वा ओझ्याच्या कामावर राहावे; साच्यावर मात्र येऊ नये, असा निर्बंध होता. विणकामाचे वेतन कातकामाहून पुष्कळ अधिक असल्यामुळे हा निर्बंध केवळ मानापमानाचा नव्हता. त्याने अस्पृश्य कुटुंबाची मिळकत जन्मभरासाठी ठरून जात होती. निर्बंधाचे कारण असे सांगण्यात येई की, धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. धोट्यास अनेकांचे तोंड लागते. अस्पृश्याचे तोंड लागल्यास तो इतरांस विटाळेल.

कामगारांच्या सर्व गाऱ्हाण्यांचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेने हेही गाऱ्हाणे आपल्या मागण्यांत घ्यावे, अन्यथा अस्पृश्य कामगारांस संपापासून दूर राहण्याचा सल्ला द्यावा लागेल, अशी आंबेडकरांची भूमिका होती. पुढाऱ्यांनी ती मागणी अखेर स्वीकारली, पण नाखुषीनेच. मालकांपुढे ती आली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, ही बंदी आम्ही घातलेली नाही. ह्या उत्तरात मालकांचा सोयीस्कर कावा होता हे उघड आहे. भरतीचा अधिकार त्यांचा व त्यांच्या जॉबरांचा होता आणि कामगारांतील भेद त्यांच्या पथ्यावरच पडत होता. परंतु उत्तर सर्वस्वी खोटेही नव्हते. साच्यावरील सवर्ण हिंदू कामगारच शेजारच्या साच्यावर अस्पृश्य येऊ देण्यास तयार नव्हता.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. विटाळाविषयी मराठीत ज्या वाक्यरचना रूढ आहेत, त्यांत कर्ता शोधून सापडत नाही. ‘विटाळ होतो’ असे आपण म्हणतो. पाऊस पडतो, संध्याकाळ होते, त्याच जातीचे हे वाक्य. कोणी काही केले असा बोध त्यातून होत नाही. ‘त्यांना साच्यावर घेत नाहीत’ ह्या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे, पण घेत नाही तो कोण, हे अध्याहृतच राहते. मालक म्हणतो, तो मी नव्हे. जॉबर म्हणतो, कामगार ऐकणार नाहीत. कामगार म्हणतो, रूढीच तशी आहे. आणि रूढी तर बोलत नाही. ‘विटाळ होतो’ ह्याऐवजी ‘आम्ही विटाळ मानतो’ असे म्हटले की वाक्यास कर्ता मिळतो आणि कर्ता मिळाला की त्यास जाबही विचारता येतो. आंबेडकरांनी संप-समितीकडे जी मागणी केली तिचे मर्म, माझ्या मते, ह्या कर्त्याच्या शोधात आहे. निसर्गनियम म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीस त्यांनी माणसांच्या कृतीच्या कोटीत आणून बसविले.

ह्या मागणीस चळवळीतून जे उत्तर मिळे, त्याची रचना मात्र अगदी वेगळी होती. ऐन लढ्यात असा प्रश्न काढणे म्हणजे कामगारांत ‘फूट पाडणे’ होय, असे म्हटले जाई. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांतील भेद प्रत्येक मराठी भाषकास ठाऊक आहे. पडते ते आपोआप, पाडतो तो कोणीतरी. म्हणजे अन्यायाविषयी बोलताना कर्ता नाहीसा व्हावा आणि त्याविरुद्धच्या तक्रारीविषयी बोलताना तो ठळकपणे प्रकट व्हावा, असा हा प्रकार आहे. विटाळ होतो, फूट मात्र तक्रारदार पाडतो. वास्तविक विणखात्याच्या दारावर फूट पूर्वीच पडलेली होती; आंबेडकरांनी तिच्याकडे बोट दाखविले इतकेच.

विटाळाचे कारण कितपत खरे मानावे, हाही प्रश्न आहे. विणकाम अस्पृश्याच्या हातचे चालत नाही, अशी रूढी महाराष्ट्रात सर्वत्र असती तर गोष्ट निराळी. परंतु विदर्भातील नागपूर भागात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा परंपरागत व्यवसायच होता. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. ते कापड लोक नेसत होते. तेव्हा अधिक मिळकतीचे काम आपल्या हाती राहावे ह्या हेतूस विटाळाच्या कल्पनेने आवरण पुरविले असेल काय, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे, ती निराधार म्हणता येणार नाही. मात्र हेतू व आवरण यांची अशी स्वच्छ विभागणी करताना सावधगिरी हवी. स्वार्थाने रूढीस बळ दिले आणि रूढीने स्वार्थास प्रतिष्ठा दिली. दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी होती. धोट्यातून तोंडाने सूत ओढण्याची पद्धत इंग्लंडातही होती. तेथे तिच्याविरुद्ध ओरड झाली ती क्षयासारख्या रोगांच्या भीतीने, आणि लँकशायरमध्ये ती १९५२ च्या नियमांनी बंद करण्याचे ठरले. तोच धोटा, तेच सूत, तेच तोंड. पण तेथे धोट्यास दोष दिला गेला, येथे माणसास.

पुढाऱ्यांच्या अडचणीचाही न्यायाने विचार केला पाहिजे. संपाचा कणा विणकर होता. त्याच्याच विशेषाधिकारावर बोट ठेवावे तर संप मोडण्याचे भय, न ठेवावे तर ‘सर्व कामगार एक’ ही घोषणा पोकळ ठरणार, अशा पेचात ते होते. त्यांच्यापैकी कित्येकांचा अस्पृश्यतेस मनापासून विरोध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वर्गलढा यशस्वी झाला म्हणजे जातिभेद मागाहून आपोआप नाहीसा होईल, ही त्यांची श्रद्धा होती; आणि ‘आपोआप’ हा शब्द पुन्हा कर्त्यास रजा देणाराच आहे.

हा आरोप केवळ साम्यवाद्यांनाच लागू होता असेही नाही. मुंबईच्या कामगार चळवळीचा उगम सत्यशोधक परंपरेत आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविले व गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून आपल्याच नगर जिल्ह्यातील खेड्यातून, प्रथम सोमठाण्याहून व नंतर तरवडीहून, ‘दीनमित्र’ प्रसिद्ध केले. फुल्यांच्या विचारात शूद्र व अतिशूद्र एकत्र होते. पुढे ब्राह्मणेतर राजकारणात हे सामासिक नाते पुष्कळ सैल झाले. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहास जेधे व जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला तो ब्राह्मणांस त्यात घेऊ नये ह्या अटीवर. आंबेडकरांनी ती अट नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्यास होता, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या व्यक्तीस नव्हता. आणि हे ब्राह्मण्य ब्राह्मणेतराच्या अंगीही असू शकते, असे त्यांनी स्पष्ट केले. साच्यावरचा विणकर बहुधा ब्राह्मणेतरच होता, हे लक्षात घेतले म्हणजे महाड व परळ यांतील संबंध ध्यानात येईल.

ह्या भेदास वंशभेद म्हणावे की नाही, हा प्रश्न स्वतंत्र आहे. फुल्यांनी जातिव्यवस्थेचा उलगडा आर्य आक्रमणाच्या आधारे केला आणि १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांस अर्पण केला. आंबेडकरांनी जातीची वांशिक उपपत्ती त्याज्य ठरविली. तथापि १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे उपपत्ती भिन्न, पण अनुभव सदृश, अशी त्यांची दृष्टी दिसते. डरबन येथे २००१ साली भरलेल्या जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा असा दलित संघटनांनी आग्रह धरला, भारत सरकारने विरोध केला. आणि २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीने जन्माधिष्ठित भेदात जातीचा समावेश केला. संज्ञेचा वाद अद्याप चालू आहे. कामगार चळवळींपुरते पाहिल्यास साम्य विलक्षण आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२२ साली रँडवरील गोऱ्या खाणकामगारांनी जो उठाव केला, त्यात जगातील कामगारांच्या एकजुटीची हाक आणि गोऱ्यांच्या राखीव जागांचे रक्षण ही दोन्ही एकाच फलकावर होती. अमेरिकेत रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय नोकरांस १९२५ मध्ये स्वतंत्र संघटना काढावी लागली, आणि कामगार महासंघाने तिला पूर्ण मान्यता दिली ती १९३५ मध्ये.

मुंबईतही पुढील इतिहास सरळ रेषेत गेला नाही. सहा महिन्यांच्या संपाने कर्जात बुडालेल्या अस्पृश्य कामगारांनी १९२९ च्या दुसऱ्या संपात ओढले जाऊ नये, असे आंबेडकरांनी प्रतिपादन केले. त्यामुळे त्यांच्यावर संप मोडल्याचा ठपका आला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मण्य व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत असे त्यांनी सांगितले, आणि कामगार संघ पहिल्या शत्रूविषयी मौन पाळतात ही तक्रार पुन्हा मांडली. तरीही त्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात ते डांगे, मिरजकर यांच्याबरोबर उभे राहिले. यास्तव त्यांची तक्रार एकजुटीच्या विरोधात होती, हे म्हणणे टिकत नाही. ज्याने एकजूट मोडली असे म्हटले जाई, तोच योग्य अटींवर तिच्यात सामील झाला.

ह्या साऱ्या प्रकरणावरून एक गोष्ट निष्पन्न होते. चळवळीवर तिच्याच माणसांनी आरोप केला, म्हणजे चळवळ खोटी ठरते असे नाही. तिची कसोटी लागते ती आरोपास ती कोणते उत्तर देते यावर. १९२८ च्या पुढाऱ्यांनी मागणी नोंदविली, हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. परंतु ती मालकापुढे मांडली, आपल्या विणकरापुढे त्याच निष्ठेने मांडली नाही. मालकाकडून जे मिळण्यासारखे नव्हते ते त्याच्याकडे मागितले आणि जे आपल्या हाती होते ते तसेच राहू दिले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या विषयात अद्याप पुष्कळ काम करण्यासारखे आहे. नगर जिल्ह्यातील अनेक घरांत गिरणीत गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी शिल्लक असतील. कोण कोणत्या खात्यात होता, तेथे कसा शिरला, पाण्याची व्यवस्था कशी होती, ह्या गोष्टी टिपून घ्याव्यात. आणि टिपताना सांगणाऱ्याची वाक्ये जशीच्या तशी उतरावीत. ‘घेत नसत’ असे कोणी म्हणाल्यास ‘कोण घेत नसे?’ एवढा एक प्रश्न विचारण्यास विसरू नये. नागापूरच्या वसाहतीत आज कोणास तोंडाने सूत ओढावे लागत नाही. तरी कोणते काम कोणाच्या वाट्यास येते, ह्या प्रश्नास तेथे कर्त्यासह उत्तर मिळते की कर्त्यावाचून, हे ऐकावयास तिथवर जाणे अवघड नाही.