मृगातील तेजोमेघाची छायाचित्रे : सौंदर्य आणि पुरावा

प्रस्तावना

हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नुसत्या डोळ्यांना एक अंधुक ठिपका दिसतो. लहान दुर्बिणीतून तो करड्या धुक्यासारखा भासतो. छापील छायाचित्रांत मात्र हाच तेजोमेघ गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांचे फूल उमलावे तसा दिसतो. डोळ्याला न दिसणारे हे सौंदर्य वास्तव मानावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात या तेजोमेघाच्या छायाचित्रणाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

रेखाटनांची मर्यादा

ख्रिस्तिआन हायगेन्स याने १६५९ साली या तेजोमेघाचे रेखाटन प्रसिद्ध केले. पुढे जॉन हर्शेल, जॉर्ज बाँड प्रभृती निरीक्षकांनी तो अतिशय परिश्रमपूर्वक रेखाटला. तथापि ही रेखाटने परस्परांशी जुळत नव्हती. तेजोमेघच बदलत होता, की निरीक्षकाचा डोळा, हात आणि दुर्बीण यांमुळे चित्र बदलत होते? एडवर्ड होल्डन याने १८८२ साली उपलब्ध रेखाटने एकत्र आणून या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेतला.

काचेवर साठलेला प्रकाश

याच सुमारास छायाचित्रणाने नवा मार्ग खुला केला होता. पूर्वीची ओली काच काही मिनिटांतच वाळून निकामी होई. जिलेटिनचा लेप असलेल्या कोरड्या काचेमुळे दीर्घकाळ प्रकाश साठविणे शक्य झाले. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतील डॉक्टर हेन्री ड्रेपर याने ११ इंची दुर्बिणीतून सुमारे ५१ मिनिटे प्रकाश घेऊन या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र टिपले. मार्च १८८२ मध्ये त्याने हा अवधी १३७ मिनिटांपर्यंत नेला. ३० जानेवारी १८८३ रोजी लंडनजवळील ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून ३७ मिनिटांत घेतलेल्या छायाचित्रात तर डोळ्याला त्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. डोळा क्षणापूर्वीचा प्रकाश साठवून ठेवीत नाही, काच ठेवते. येथे छायाचित्र निरीक्षकाचा केवळ मदतनीस न राहता स्वतंत्र साक्षीदार ठरले.

साक्षीदाराची साक्ष वाचण्यासाठीही जाणता डोळा लागतो. हार्वर्ड वेधशाळेत १८८८ साली विल्यमिना फ्लेमिंग हिने मृगाच्याच एका काचेवर तेजस्वी पट्ट्यात शिरलेली काळी खाच हेरली. तीच पुढे ‘अश्वमुख’ तेजोमेघ म्हणून प्रसिद्धीस आली. १८९५ च्या सूचीत या शोधाचे श्रेय मात्र तिच्याऐवजी पिकरिंग या नावावर नोंदले गेले.

रंगांचा प्रश्न

तत्कालीन काचा मुख्यतः निळ्या व अतिनील प्रकाशाला संवेदनशील होत्या. डोळ्याला मात्र तेजोमेघाची हिरवी छटा अधिक जाणवते. या छटेमागील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमशी निगडित असल्याचे नॉर्मन लॉकियर याचे मत होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ही रेषा सुस्पष्ट व तीक्ष्ण असल्याचे निरीक्षण १८९१ साली प्रसिद्ध केले. ते लॉकियरच्या मताला प्रतिकूल होते. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ साली आयरा बोवेन याने दाखविले.

आधुनिक चित्रांत रंग निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांना देऊन जुळविले जातात. हबल दुर्बिणीचे २००६ साली प्रसिद्ध झालेले या तेजोमेघाचे चित्र ५२० प्रतिमांच्या जुळणीतून सिद्ध झाले. २०२२ मधील वेब दुर्बिणीच्या चित्रांत तर मूळ प्रकाशच अवरक्त आहे; त्यातील रंग हे एक प्रकारचे भाषांतर होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, डोळ्याशी तंतोतंत साम्य ही अशा चित्रांच्या सत्यतेची कसोटी होऊ शकत नाही. डोळ्याच्या भरवशावर काढलेली रेखाटनेच परस्परांशी विसंगत ठरली होती. दिनांक, प्रकाश साठविण्याचा अवधी, दुर्बीण आणि गाळण्या यांची नोंद सोबत असेल तर चित्र पुन्हा तपासता येते आणि पुरावा ठरते. नोंद हरवली की उरते ती शोभा. वर्गात असे चित्र दाखविताना विद्यार्थी प्रथम त्याच्या रंगांनी मोहित होणार, हे स्वाभाविकच आहे. तो मोह ओसरण्यापूर्वी चित्राखालची नोंद वाचून दाखविणे हे अध्यापकाचे काम आहे. त्या नोंदीमुळे सौंदर्य उणावत नाही. एका काचेवर तासभर प्रकाश जमा होऊ देणाऱ्या माणसाचा धीर त्यात दिसू लागतो.