मिठाच्या वाटेवरचं टीहाऊस

नेपाळात ट्रेकला गेलं की टीहाऊसचा एक नियम पहिल्याच रात्री कळतो. खोलीचं भाडं नाममात्र, पण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथंच घ्यायचा. बाहेर जेवून आलात तर भाडं चढतं. पर्यटक वाढल्यावर लॉजवाल्यांनी काढलेली ही युक्ती, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते हा नियम ट्रेकिंगच्याही आधीचा आहे आणि त्याचं मूळ मिठात आहे.

धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून काली गंडकी वाहते. आपल्या देवघरातले शाळिग्राम तिच्याच पात्रातले. तिच्या काठाने तिबेटचं मीठ खाली यायचं, धान्य वर जायचं. हा व्यापार थकाली लोकांच्या हाती होता आणि टुकुचे ही त्यांची पेठ. वाटेवर थकाली बायका भट्ट्या चालवत, म्हणजे घरातल्याच खाणावळी. तिथं भारवाहकाने पैसे मोजायचे ते जेवणाचे. पथारी पसरायला वेगळं काही द्यावं लागत नसे. आजच्या टीहाऊसचा हिशेब नेमका हाच आहे.

काही जण टीहाऊसचं श्रेय जिमी रॉबर्ट्स यांना देतात. या माजी गुरखा अधिकाऱ्याने 1964 मध्ये काठमांडूत पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. पण त्यांचे पाहुणे तंबूत झोपत आणि आचारी सोबत चाले. म्हणजे ट्रेकिंगच्या धंद्याचे ते जनक खरे, टीहाऊसचे नव्हेत. दुसरं मत मुक्तिनाथच्या यात्रेकडे बोट दाखवतं. यात्रेकरूंसाठी बांधलेले पाटी-पौवा वाटोवाट होतेच. पण पौवा हा पुण्यासाठी बांधलेला निवारा. चूल ज्याची त्याने मांडायची. टीहाऊसचा सगळा धंदा चुलीवर उभा आहे, म्हणून हेही मत मला पटत नाही.

चुलीचा पुरावा टीहाऊसच्या रचनेतच आहे. खोल्या पातळ फळ्यांच्या आणि गारठलेल्या. ऊब असते ती जेवणघरात. जोमसोमच्या वाटेवर तर टेबलाखाली निखारे ठेवतात, वरून जाड घोंगडं सोडतात आणि पाय आत घालून बसायचं. स्वयंपाकघरात फळीवर पितळी भांडी ओळीने लखलखत असतात. डाळभात घेतला तर भात-डाळ पुन्हा हवी तेवढी वाढतात, वेगळे पैसे नाहीत. दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाच्या भुकेला बेतलेली ही रीत आहे.

1959 नंतर तिबेटचा व्यापार आटला, भारतातल्या स्वस्त मिठाने उरलासुरला संपवला. बरेच थकाली पोखरा, बुटवलकडे उतरले. 1977 मध्ये अन्नपूर्णा परिक्रमेची वाट परदेशी ट्रेकर्सना खुली झाली, तेव्हा मागे राहिलेल्यांकडे घर, चूल आणि पाहुणचाराची सवय तयार होती. भांडवलासाठी त्यांची ढिकुर होती, म्हणजे आपली भिशीच. पहिल्या लॉजच्या बऱ्याचशा खोल्या या भिशीच्या पैशातून उठल्या असणार, असा माझा ठाम कयास आहे.

म्हणून खोलीसाठी घासाघीस करून सॅकमधल्या नूडल्सवर रात्र काढू नये. तिथं खोलीचं खरं भाडं ताटातून वसूल होतं. डाळभात मागवावा आणि दिदीने पुन्हा वाढायला आणलं की नको म्हणू नये.