एडिथची साक्ष आणि देवगिरीची लेक

इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत एक कथानक पुनःपुन्हा येते. 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई होऊन नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलेले असते. जित सॅक्सन घराण्यातील मानी स्त्री आणि तिची गढी बळकावणारा नॉर्मन सरदार एका छपराखाली येतात. आधी द्वेष, मग ओढ, शेवटी शय्या. पेशाचा परिणाम म्हणा, पण अशी कथा वाचताना मला एकच प्रश्न पडतो : त्या स्त्रीची संमती कोणी विचारली, आणि कोणत्या भाषेत?

अशा एका स्त्रीची साक्ष सुदैवाने टिकली आहे. एडिथ ही आईकडून जुन्या सॅक्सन राजवंशातली, मठात वाढलेली. विजेत्या विल्यमचा पुत्र पहिला हेन्री 1100 मध्ये गादीवर आला आणि त्याने तिला मागणी घातली. तिने जोगिणीचे शिरोवस्त्र घेतले आहे, सबब विवाह अवैध, असा आक्षेप निघाला. आर्चबिशप अॅन्सेल्मपुढे चौकशी झाली. एडिथने सांगितले की, नॉर्मन पुरुषांच्या वासनेपासून वाचविण्यासाठी मावशी माझ्या डोक्यावर काळे फडके टाकी. तिची पाठ फिरताच मी ते भुईवर फेकून पायांखाली तुडवीत असे. साक्ष ग्राह्य ठरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लग्न लागले. नाव मात्र टिकले नाही. राणी झालेली एडिथ इतिहासात माटिल्डा म्हणून राहिली. दरबारातील नॉर्मन टवाळखोर राजाराणीला गॉड्रिक आणि गॉडगिफू ही अस्सल सॅक्सन नावे ठेवीत; मराठीत या वाक्प्रचाराचे जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही येथे लागू आहेत.

आपल्याकडील या जातीचे प्रकरण देवगिरीचे. 1296 मध्ये कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खलजी रामचंद्रदेव यादवावर चालून आला आणि अपार संपत्ती घेऊन परतला. इसामी हा फारसी कवी 1350 च्या सुमारास सांगतो की, रामचंद्राची कन्या अलाउद्दीनला दिली गेली आणि शिहाबुद्दीन उमर हा तिचा मुलगा. 1316 मध्ये अलाउद्दीन वारल्यावर मलिक काफूरने या अजाण पोराला तख्तावर बसविले. काही आठवड्यांत काफूर मारला गेला. पुढे मुबारकशाहाने पोराचे डोळे काढविले, आणि त्याच मुबारकने रामचंद्राचा जावई हरपाळदेव यालाही ठार करविले.

ज्या रामचंद्राच्या राज्यात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ज्या काळी महानुभाव मराठी गद्य लिहीत होते, त्याच्या लेकीचे नाव आपल्यापर्यंत आले ते फारसीतून. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. म्हणून कोणी ते झट्यपाली वाचतो, कोणी आणखी काही. पुढे नारायणदास कवीने जुन्या हिंदीत ‘छिताई वार्ता’ रचली. तीत छिताईचा पती जोगी होऊन, वीणा वाजवून सुलतानाला रिझवितो आणि पत्नी परत मिळवितो. कथेने तिला घरी आणले. इतिहासात तसे घडल्याचा पुरावा नाही. एडिथचे निदान फडके तुडविल्याचे शब्द उरले. देवगिरीच्या लेकीचे स्वतःचे एक वाक्यही उरलेले नाही, त्यामुळे त्या विवाहाला प्रणय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तहाची कलमे मात्र मला त्यात स्पष्ट दिसतात.

आमच्या तिरोडीत भंडारा जिल्ह्यातून नांदायला आलेल्या लेकीसुना पुष्कळ. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले जाते, आणि वर्षांनंतर कागदपत्रांच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव, रेशनकार्डावरचे सासरचे नाव आणि कारकुनाने हिंदी वळणाने लिहिलेले तिसरे, अशी तिन्ही घेऊन त्या माझ्याकडे येतात. मी प्रतिज्ञापत्रात ती ओळीने मांडतो. मध्ये ‘उर्फ’ लिहितो. हा शब्दही अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. पहिले नाव कोणते घालू, असे मी प्रत्येकीला विचारतो. बहुतेक जणी आधी नवऱ्याकडे पाहतात.