पट्ट्यांच्या मधला सूर

घरच्या संगणकाला जोडलेला लहानसा कीबोर्ड मुका असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या पोटात आवाजच नाही. तो फक्त निरोप धाडतो : कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली. सतार की व्हायोलिन, हे संगणकातला प्रोग्रॅम ठरवतो. या निरोपांच्या भाषेला 'मिडी' म्हणतात.

१९८०च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापली बोली बोलत असे. एकाचे दुसऱ्याला कळत नसे. अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली सामाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीही हाच ध्यास घेतला होता. हा माणूस घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यांच्या धंद्यात आलेला, अस्सल हुन्नरी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडली गेली आणि एकावर बोट ठेवताच दुसरे वाजले. ही भाषा कुणाच्या मालकीची ठेवली नाही, म्हणूनच ती जगभर पसरली. २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

१९८५ मध्ये अटारी एसटी या घरगुती संगणकाला मिडीची भोके कारखान्यातूनच आली. तरी आवाजासाठी बाहेरची महागडी यंत्रे लागतच. १९९९ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या 'व्हीएसटी' पद्धतीत वाद्यांनाही जागा दिली आणि खोकी हळूहळू टेबलावरून नाहीशी झाली. खोलीत बसलेल्या एकट्या पोरालाही वाद्यवृंद हाताशी आला. ही लहान गोष्ट नव्हे.

पण या भाषेचे व्याकरण पियानोवाल्यांचे आहे. तिच्यात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक, सप्तकात बारा. साठ आणि एकसष्टच्या मधे काय? दरबारीचा आंदोलित गांधार कोणत्या क्रमांकावर बसवायचा? त्यासाठी एक चाक दिलेले आहे. एका हाताने पट्टी दाबायची, दुसऱ्याने चाक फिरवून सूर वाकवायचा. एकट्या सुराला ते चालते; दोन सूर एकत्र धरले, तर जुन्या पद्धतीत त्या वाहिनीवरचे दोन्ही वाकतात.

आपल्याला हे दुखणे नवे नाही. पेटीवरही मींड निघत नाही. याच कारणाने १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल झाली. बंदीने काय साधले? गायनाच्या साथीतली सारंगीची जागा पेटीने घ्यायची ती घेतलीच. पेटी सोपी, लवकर हाती येणारी. सारंगीत नखाच्या कडेने तार दाबत वर्षे घालवावी लागतात. ती वर्षे ज्या उस्तादांच्या घराण्यांनी घातली, त्यांच्या पोटावर पाय आला. माझ्या मते दोष पेटीचा नव्हता. मेहनतीला मोल देणारे कान कमी झाले होते.

मिडीच्या व्याकरणात दुरुस्ती व्हायला पस्तीस वर्षे लागली. २०१८ साली प्रत्येक सुराला स्वतंत्र वाकवण्याची रीत मान्य झाली. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये ती मूळ भाषेतच आली. आता संगणकासाठी सारंगीचा आवाजही विकत मिळतो. पण असा आवाज तयार करायचा, तर सुटे सूर ध्वनिमुद्रित करून भागत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी घसीट वेगळी मुद्रित करावी लागते, आणि त्यासाठी आधी सारंगी वाजवणारा माणूस शोधावा लागतो.