परदेशी भाव आणि रोजगार हमीची मजुरी

शहापूरचा कर्करुग्ण आसनगावला लोकल धरतो, मुरबाडचा एसटीने कल्याणला येतो. दोघांनाही परळचे टाटा रुग्णालय गाठायचे असते. प्रवासखर्च कसाबसा निभावतो. खरी पंचाईत होते ती औषधाच्या चिठ्ठीपाशी.

त्या चिठ्ठीमागे मोठा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरही इथे इंग्रजी अमदानीतला 1911 चा पेटंट कायदा चालू होता. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तरी पुष्कळ औषधांचे भाव परदेशी कंपन्याच ठरवत. अमेरिकी सिनेटर केफॉवर यांच्या समितीने देशोदेशीचे भाव ताडून पाहिले, तेव्हा गरीब भारत सर्वांत महागड्या देशांत निघाला. परदेशाशी केलेली ती तुलना रुग्णांच्या कामी आली. 1970 च्या कायद्याने औषधावरचे पेटंट काढून ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेपुरते ठेवले आणि भारतीय कंपन्या तीच औषधे स्वस्तात बनवू लागल्या.

2005 मध्ये जागतिक व्यापार करारापायी औषधावरचे पेटंट परत आले.

मग 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा परवाना, निघाला. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे बायर कंपनीचे नेक्साव्हर महिन्याला 2,80,428 रुपयांना पडे. नॅटको कंपनीने तेच 8,880 रुपयांत द्यायचे ठरले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 145 रुपये होती. म्हणजे बायरच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी एकही खाडा न करता पाच वर्षांहून जास्त राबायचे! स्वस्त झालेल्या गोळ्यांनाही दोन महिन्यांची मजुरी लागतच होती.

पुढच्याच वर्षी केंद्राच्या एका समितीने पेटंट असलेल्या औषधांसाठी वेगळीच फूटपट्टी सुचवली: ब्रिटन, कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथले भाव घ्यायचे आणि दरडोई उत्पन्नाच्या प्रमाणात ते खाली आणायचे. रुग्णांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनांनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. त्या देशांत औषधाच्या बिलाचा मोठा वाटा सरकार उचलते. इथे रुग्णाला खिशात हात घालावा लागतो. शिवाय दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत मुंबईचा कारखानदार आणि मुरबाडच्या वीटभट्टीवरचा कातकरी एकाच रांगेत बसतात. नेक्साव्हरचा भाव पडला तो दुसरा उत्पादक आल्यामुळे, लंडनचा दर पाहून नव्हे.

औषधाचा भाव ठरवणाऱ्यांनी पॅरिसचे दरपत्रक उघडण्याआधी शहापूर-मुरबाडच्या मजुराची हजेरी उघडावी.