बारक्याची वाकडी काठी आणि गोल्फचे तीन दरवाजे

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा भाग सुरू होतोय पत्र्यावर चेंडू आदळल्याच्या आवाजाने. ठण्ण!

हा पत्रा आमच्या उमापूरच्या घरामागच्या गोठ्याचा. उमापूर म्हणजे बीड जिल्हा, गेवराई तालुका. चेंडू मारणारा माझा पुतण्या, वय वर्षं सहा, घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. आणि त्याच्या हातात गोल्फची काठी. प्लास्टिकची, लहान मुलांची, मी पुण्याहून येताना आणलेली. कशाला आणली? तर मागच्या दिवाळीत त्याने माझ्या मोबाईलवर गोल्फचा गेम खेळून खेळून बॅटरी पार झोपवली होती. म्हटलं, खरा खेळ हातात दिला तर मोबाईल सुटेल. सुटला नाही, पण ते जाऊ द्या.

मे महिन्याची सुट्टी होती. बारक्याने काठी उलटीसुलटी करून बघितली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "काका, ह्यो दांडू वाकडा कामून हाय?" दुसरा, "हे खेळायचं कुठं?"

पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. चेंडू जमिनीवर पडलेला असतो, आपण उभे असतो, म्हणून काठीचं टोक वाकडं. दुसऱ्याचं उत्तर शोधायला गेलो आणि पाचशे वर्षं मागे पोचलो. आजचा भाग त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. लहान लेकराला गोल्फ शिकवायचा म्हटलं तर त्याला न्यायचं कुठं, आणि आजवर जी लेकरं तिथे पोचली ती कोणत्या दरवाजाने पोचली?

तर चला स्कॉटलंडला. १४५७ साली तिथल्या संसदेने एक कायदा केला: फुटबॉल आणि गोल्फ बंद. का? लढाईचे दिवस, आणि माणसं धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे पळतायत. गोल्फचं नाव कागदावर पहिल्यांदा दिसतं ते असं, बंदीच्या हुकमात. म्हणजे बघा, त्या काळात हा खेळ कुणा बड्या लोकांपुरता नव्हता. तसा असता तर बंदी कशाला लागली असती?

आणि खेळायचे कुठे? समुद्राकाठच्या पडीक, वाळूच्या, गवताळ जमिनीवर. सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं पंढरपूर म्हणा. तिथलं जगप्रसिद्ध मैदान मुळात गावाच्या सामायिक जमिनीवर आहे. आपल्याकडे ज्याला गायरान म्हणतात ना, तसंच. तिथे मेंढ्या चरायच्या, बायका धुणं वाळत घालायच्या आणि मधूनच कुणीतरी चेंडू मारायचा. आजही ते मैदान सार्वजनिक आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसं लेकरंबाळं, कुत्री घेऊन फिरायला येतात. शेजारी बालगोव नावाचा नऊ होलचा छोटा कोर्स आहे, तो मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठीच.

हा गायरानावरचा खेळ आपल्याकडे आला तो मात्र साहेबाच्या पेटीतून. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना. १८४२ मध्ये मुंबईत निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. लष्करी छावण्यांमध्ये कोर्स झाले. खेळ तोच, पण येताना गायरान मागे राहिलं आणि कुंपण सोबत आलं. कुंपण आलं की दरवाजा आला. आणि दरवाजा आला की प्रश्न येतो, आत कोण जाणार?

मला शोधताना लेकरांसाठीचे तीन दरवाजे सापडले.

पहिला दरवाजा आईबापाचा. टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना, १९७८ मध्ये, अमेरिकेत टीव्हीवर चेंडू मारून दाखवत होता. वडील अर्ल वूड्स यांनी त्याला तयार केलं. आपली अदिती अशोक बंगळुरूची. पाच वर्षांची असताना आईवडिलांसोबत नाश्त्याला जायची, तिथून समोर गोल्फचं मैदान दिसायचं. तिला कुतूहल वाटलं, आणि विशेष म्हणजे आईवडिलांनाही खेळता येत नव्हतं. तिघं मिळून शिकायला गेले! पुढे रिओ ऑलिम्पिकमध्ये वडील तिची बॅग उचलत होते, टोकियोत आई. टोकियोत ती चौथी आली, ब्राँझपासून फक्त एक फटका दूर.

दुसरा दरवाजा लष्कराचा. अनिर्बान लाहिरी १९८७ मध्ये पुण्यात जन्मला. वडील लष्करात डॉक्टर. छावणीत कोर्स असतो, वडील खेळतात, आठ वर्षांचं पोरगं बापाबरोबर जातं. असा तो शिकला आणि पुढे ऑलिम्पिकपर्यंत गेला.

आता तिसरा दरवाजा. हा मागचा दरवाजा आहे, आणि मला सगळ्यात जास्त याच्यावरच बोलायचंय. कॅडीचा दरवाजा. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, चेंडू शोधणारा.

इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे जर्सी नावाचं बेट आहे. तिथल्या ग्रुव्हिल गावात १८७० मध्ये एका माळ्याच्या घरी हॅरी वार्डन जन्मला. तो सातेक वर्षांचा असताना काही साहेब लोक आले आणि गावच्या मोकळ्या जमिनीवर गोल्फ मांडला. गावची पोरं बॅगा उचलू लागली. बघून बघून त्यांनाही खेळावंसं वाटलं. काठ्या कुठून आणणार? काटेरी झाडाच्या फांद्या तोडून घरीच बनवल्या. चेंडू? मोठ्या पांढऱ्या गोट्या! हो, आपण गल खणून खेळतो त्याच जातीच्या. हाच वार्डन पुढे ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला. आजवर तेवढ्या वेळा दुसरं कुणी जिंकलेलं नाही.

थांबा, गोष्ट इथे संपत नाही. १९१३ मध्ये वार्डन अमेरिकन ओपन खेळायला बोस्टनजवळ ब्रुकलाइनला गेला. तिथे त्याला हरवलं वीस वर्षांच्या फ्रान्सिस विमेटने. हा विमेट कोण? मैदानाच्या समोरच्या घरात राहणारा पोरगा. शाळेत जाताना मैदान ओलांडायचा, हरवलेले चेंडू वेचायचा, आणि अकराव्या वर्षी त्याच क्लबमध्ये कॅडी झाला. म्हणजे माळ्याच्या पोराला कॅडी पोराने हरवलं. आणि त्या दिवशी विमेटची बॅग कुणी उचलली होती? एडी लोअरीने. वय, दहा वर्षं. शाळा बुडवून आला होता.

आपल्याकडेही तेच. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून आलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. आणि आपल्या चेंबूरला तर अख्खा एक वेगळा खेळच जन्माला आला. कोर्सच्या शेजारच्या वस्तीतले कॅडी लोखंडी सळई तापवून वाकवायचे, तिची काठी करायचे आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन गल्लीबोळात खेळायचे. भिंती, गटारं, पत्रे, सगळं कोर्समध्ये धरलेलं. लोकांनी त्याला नाव दिलं स्लम गोल्फ. २०२३ मध्ये याच नावाची वेब सिरीज आली, दिग्दर्शक आपला 'शाळा' सिनेमावाला सुजय डहाके.

जर्सीत काटेरी फांदी, चेंबुरात सळई. मधे शंभर वर्षं आणि काही हजार किलोमीटर. पण पोरांनी केलं काय? तेच.

इथे मी पहिल्यांदा हा भाग लिहून संपवला होता. भारी शेवट होता, प्रेरणादायी वगैरे. मग दादाला, म्हणजे बारक्याच्या वडिलांना, फोनवर वाचून दाखवला. तो ऐकून म्हणाला, "म्हंजी बड्याच्या लेकराला काठी, अन् गरिबाच्या लेकराला बॅग. ह्यात भारी काय?"

मंडळी, मी गप्प झालो. कारण खरंच, दहा वर्षांचा एडी लोअरी शाळा बुडवून बॅग उचलतो याला आपण गोड गोष्ट म्हणतो. ते काम आहे. आपल्याकडे १९८६ चा बालकामगार कायदा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला ठेवायला बंदीच आहे. म्हणजे मागचा दरवाजा लेकरांसाठी कायद्याने बंद झाला. बरंच झालं. जिंकलेल्या एका अली शेरमागे नुसत्या बॅगाच उचलत राहिलेले किती असतील, त्यांच्यावर कोण पॉडकास्ट करतंय?

पण मग माझा प्रश्न असा. मागचा दरवाजा बंद केला ते योग्यच. त्याच्या जागी पुढचा उघडला का?

काही ठिकाणी प्रयत्न झाले. चिक एव्हान्स हा शिकागोचा खेळाडू आठव्या वर्षी कॅडी होता. १९१६ मध्ये एकाच वर्षी तो अमेरिकन ओपन आणि हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा, दोन्ही जिंकला. त्याच्या नावाने १९३० पासून कॅडी मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. विमेटच्या नावाने १९४९ मध्ये तसाच निधी उभा राहिला. बॅग उचलणाऱ्याला खेळाने काहीतरी परत द्यायला पाहिजे, हे त्यांना पटलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हरियाणातलं आहे. पानिपत जिल्ह्यातलं इसराना गाव. परदेशात राहणाऱ्या गावच्याच एका माणसाने तिथे गोल्फ अकादमी काढली. दूध विकणाऱ्याच्या घरातला शुभम जागलान हा पाच वर्षांचा पोरगा तिथे जायला लागला. अकादमी लवकरच बंद पडली, पण पोरगा थांबला नाही, यूट्यूब बघून शिकत राहिला. नंतर दिल्लीत त्याला प्रशिक्षक आणि मदत मिळाली. २०१५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, अमेरिकेत जाऊन त्याने दोन जागतिक ज्युनियर स्पर्धा जिंकल्या. यूट्यूबचं कौतुक करा, पण आधी गावात कुणीतरी काठी आणली होती हे विसरू नका.

आता परत उमापूरला. तुमच्यापैकी कुणाच्या घरात बारक्या असेल तर मला जे कळलं ते सांगतो. अर्ल वूड्स यांनी टायगरला उलटं शिकवलं होतं. लांब मारायचं नंतर. आधी होलच्या जवळून चेंडू आत ढकलायचा, मग हळूहळू मागे सरकायचं. अदितीचीही सुरुवात हिरवळीवर जवळून चेंडू ढकलूनच झाली. लेकराला पहिल्याच दिवशी चेंडू आत पडताना दिसतो, आणि ते परत येतं. काठी हलकी आणि त्याच्या उंचीची हवी, मोठ्यांची कापून दिली तर जड पडते. खरा चेंडू टणक असतो, म्हणून सुरुवातीला प्लास्टिकचा. आणि मारताना बाकीची पोरं चार पावलं लांब, हा नियम कडक.

मी अंगणात खड्डा खणला. गोल्फच्या होलचा व्यास सव्वाचार इंच, टेप लावून मोजून खणला, इंजिनीअर ना! बारक्याने बघितलं आणि म्हणाला, "ही तर गल हाय." मग तो गुडघ्यावर बसला, चेंडू बोटात धरला आणि गोटीसारखा नेम धरून थेट आत. आमची आई ओट्यावरून म्हणाली, "झालं की. काठीला पैसे कशाला घातले?"

आठ दिवसांत आळीतली पाच-सहा पोरं जमली. काठी एक, डाव सहा जणांचे. भांडणं झाली. मग एकाने बाभळीची वाकडी फांदी तासून आणली. मी त्यांना वार्डनची गोष्ट सांगितली नव्हती, शप्पथ.

दसऱ्यानंतर त्यातली दोन पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. फडावर गेलेली शाळकरी पोरं, आमच्या भागात ही नवी गोष्ट नाही. दिवाळीत बारक्या माझ्याकडे पुण्याला आला. त्याला एका कोर्सवर घेऊन गेलो. गेटवर नम्रपणे सांगण्यात आलं, सदस्य सोबत असल्याशिवाय आत जाता येणार नाही. आम्ही कुंपणाच्या कडेने चालत राहिलो. जाळीतून हिरवळ दिसत होती, त्याच्याएवढाच एक पोरगा आत चेंडू मारत होता. बारक्याने बराच वेळ बघितलं. "त्यो चुकीचं मारतोय," एवढंच म्हणाला.

पुढे रस्त्याकडेच्या गवतात त्याला एक पांढरा चेंडू सापडला, आतून उडून आलेला. वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणाले, ठेव रे.

तो चेंडू आता उमापूरला, देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. बारक्या त्याने खेळत नाही. ऊसतोडीला गेलेली दोघं परत आली की आधी त्यांना दाखवायचाय, म्हणतो.

"हे खेळायचं कुठं?" या प्रश्नाचं आज माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: सध्या अंगणात. पण सेंट अँड्र्यूजला गायरानावर जमलं, इसरान्यात काही दिवस का होईना जमलं. आमच्या शाळेमागे पडीक जागा आहे. नऊ नको, तीन गली खणल्या तरी सुरुवात होईल. या उन्हाळ्यात गावाला जाऊन तेवढं तरी करायचं ठरवलंय.

तुमच्या गावात अशी जागा आहे का? असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. आणि हो, पोरांनी वाकडी फांदी तासायला घेतली तर ओरडू नका. शेजारी बसा. भेटू लवकरच!